मुखवट्याआडचे मास्तर : मुलांच्या टीव्ही मालिकेत गेलेल्या सोलापूरच्या तायक्वांदो प्रशिक्षकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तायक्वांदो प्रशिक्षकाचं आहे. तिथले पालक त्यांना मास्तर म्हणतात, इथेही तेच म्हणू. वाहिनी, मालिका आणि निर्मिती संस्था यांची नावं वगळली आहेत. रकमा ढोबळ केल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मास्तर तेव्हा २६ वर्षांचे होते. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारे), घरात तेलुगू, बाहेर मराठी. शालेय स्पर्धांमधून राज्य पातळीपर्यंत खेळून झालं होतं आणि ब्लॅक बेल्टची दुसरी डान, म्हणजे दुसरी पायरी, मिळाली होती. अशोक चौकाच्या बाजूला एका समाजाच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल भाड्याने घेऊन ते संध्याकाळी वर्ग चालवत. पटावर ११० मुलं, फी महिन्याला ६०० रुपये, वेळेवर देणारी साधारण ९५. म्हणजे हातात ५७ हजार. त्यातून हॉलचं भाडं १४ हजार आणि दोन सहायकांचे १६ हजार गेले की २७ हजार उरत. लग्नसराईत हॉल हातचा जाई. मग वर्ग गच्चीवर, आणि सोलापूरच्या मे महिन्यात गच्ची रात्री आठलासुद्धा अनवाणी पायांना सोसत नाही.

वर्गाचा खरा कणा म्हणजे आठवी ते दहावीची मुलं. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. पुढच्या पातळीवर गेलेल्या खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत क्रीडा गुण मिळू शकतात. पालक फी भरतात त्यामागे हा हिशेब मोठा असतो, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. तरीही पुढे नेमकं हेच सुटलं.

प्रस्ताव

मुंबईतली एक संस्था मुलांसाठी ॲक्शन मालिका करत होती. गोष्ट पाच मुखवटाधारी योद्ध्यांची. त्यातल्या एकासाठी त्यांना चेहऱ्याने बरा आणि खरोखर किक मारता येणारा तरुण हवा होता. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर टाकलेलं मास्तरांचं प्रात्यक्षिक कलाकार मिळवून देणाऱ्या एका को-ऑर्डिनेटरच्या नजरेत आलं. अंधेरीत दोन ऑडिशन झाल्या आणि होकार आला. दिवसाला ६ हजार रुपये, महिन्याला किमान १६ दिवसांची हमी, करार दोन वर्षांचा.

कागदावर हे ९६ हजार होतात. १० टक्के टीडीएसचे ९,६०० आणि को-ऑर्डिनेटरच्या २० टक्के दलालीचे १९,२०० वजा केले की ६७,२०० राहतात. बिल महिनाअखेरीला लागतं आणि पैसे त्यानंतर ९० दिवसांनी येतात, म्हणजे पहिली रक्कम हातात पडायला चार महिने. तोवर नायगावातली खोली, जेवण आणि प्रवास मिळून महिना २६ हजार, वर खोलीची अनामत ४० हजार. चार महिन्यांची बेरीज १ लाख ४४ हजार. छोट्या शहरातून गेलेले बरेच कलाकार याच खड्ड्यात पडतात. काम मिळालेलं असतं, पण काम सुरू ठेवायला पैसा नसतो. इथे तो पैसा फक्त वर्गातून येऊ शकत होता. म्हणजे ज्या वर्गापासून लांब जायचं, त्याच्याच जोरावर मुंबईत तग धरायचा होता.

या क्षेत्रातलं सर्वांत माहितीचं उदाहरण

मुखवट्याच्या मालिकेत कलाकाराचं स्थान काय असतं ते समजायला १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘पॉवर रेंजर्स’ पाहावी. तिची पहिली आवृत्ती तोएई कंपनीच्या १९९२ च्या जपानी मालिकेतली लढाईची दृश्यं घेऊन बनली होती. मुखवट्यातले लोक जपानचे, मुखवटा काढल्यावर दिसणारे चेहरे अमेरिकेचे. जपानी मूळ मालिकेत पिवळा योद्धा पुरुष होता, अमेरिकन आवृत्तीत ती मुलगी झाली आणि लढाईचं चित्रण तेच राहिलं. पोशाखाच्या आत कोण आहे यावर गोष्ट अवलंबून नव्हती.

१९९४ मध्ये दुसऱ्या पर्वात मानधन आणि कराराच्या वादातून ऑस्टिन सेंट जॉन, वॉल्टर जोन्स आणि थुई ट्रांग हे तिघे मालिका सोडून गेले. काही भाग जुनं चित्रण आणि बदली माणसं वापरून निभावले, मग तीन नवे चेहरे आले. लाल, काळा आणि पिवळा पोशाख तसाच पुढे चालला.

याच मालिकेतला जेसन डेव्हिड फ्रँक उलट टोकाला आहे. कराटे शिकलेला आणि शिकवणारा हा तरुण हिरव्या योद्ध्याच्या भूमिकेत थोड्या भागांपुरता आला होता. मुलांना तो इतका आवडला की त्याला परत आणलं आणि १९९४ मध्ये पांढरा योद्धा केलं. २००४ च्या पर्वातही तो काळ्या पोशाखात परतला. मधल्या काळात त्याने स्वतःच्या कराटे शाळा चालवल्या, पुढे २०१० मध्ये एमएमएच्या (मिश्र युद्धकलांच्या) लढतीतही उतरला. २०२२ मध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या वाटचालीकडे पाहताना लोक हिरवा-पांढरा पोशाख आठवतात. आमच्या मते दोन पर्वांच्या मधली वर्षं जास्त पाहण्यासारखी आहेत, कारण त्या वर्षांत त्याच्या हातात जे होतं ते वाहिनीच्या मालकीचं नव्हतं.

पर्याय कोणते होते

पहिला, नकार देणं. वर्ग वाढत होता, पण हॉलच्या क्षमतेपुढे तो वाढणार नव्हता आणि २६ व्या वर्षी आलेली अशी संधी ३० व्या वर्षी येत नाही. दुसरा, वर्ग बंद करून पूर्णवेळ मुंबई. यात चार महिन्यांचा खड्डा कर्ज काढून भरावा लागला असता. तिसरा, वर्ग सहायकांकडे देऊन स्वतः महिन्यातून दोनदा येणं. चौथा, भूमिका सोडून फक्त लढाईच्या दृश्यांसाठी महिन्याला सहा-सात दिवस पोशाखात उभं राहणं. या चौथ्या पर्यायाचा विचार कुणीच नीट केला नाही, कारण त्यात चेहरा दिसणार नव्हता. मानधन कमी, पण वर्ग जवळजवळ शाबूत राहिला असता.

मास्तरांनी तिसरा घेतला. शनिवारी रात्री दादरला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सोलापूर, रविवारी दोन सत्रं आणि रात्रीच्या गाडीने परत. मालिकेच्या वेळापत्रकात शनिवारची शिफ्ट लांबली की गाडी चुकायची, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

करार: काय मिळालं, काय राहिलं

कराराचा मसुदा १९ पानांचा होता. पहिल्या वाचनात मास्तरांना मानधन आणि मुदत एवढंच दिसलं. चुलतभावाच्या ओळखीच्या एका वकिलांनी तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या, आणि पुढची सगळी घासाघीस या खुणांवर झाली.

एक, ‘इतर कोणताही व्यावसायिक उपक्रम’ करायला लेखी परवानगी लागेल. या वाक्यात तायक्वांदोचा वर्गही बसत होता. मास्तरांनी ‘स्वतःच्या नावाने चालणारं क्रीडा प्रशिक्षण वगळून’ हे सहा शब्द घालून घेतले. संस्थेने फारसा विरोध केला नाही. त्यांच्या डोक्यात दुसऱ्या वाहिन्या होत्या, सोलापूरचे वर्ग नव्हते. म्हणून हे मागण्याची वेळ सहीच्या आधीची. सहीनंतर तीच ओळ परवानगीच्या अर्जांत अडकते.

दोन, दुखापत. मसुद्यात सलग १५ दिवस गैरहजर राहिल्यास करार संपवण्याचा हक्क संस्थेकडे होता, कारण काहीही असो. मास्तरांनी मागितलं की सेटवर झालेली दुखापत यातून वगळावी आणि अपघात विमा संस्थेने काढावा. दोन्ही मिळालं. विम्याची रुग्णालय खर्चाची मर्यादा मात्र २ लाख. स्वतःची साधी आरोग्य पॉलिसी होती, पण धोकादायक काम व्यवसाय म्हणून करताना झालेल्या इजेवर अशा पॉलिसीत वाद होऊ शकतो, हे विमा एजंटाने सांगितल्यावर त्यांनी व्यवसाय बदलल्याचं कंपनीला लेखी कळवलं. एक साधं पत्र, पण पुढे त्याने बराच त्रास वाचवला.

तीन, पात्राचं नाव, पोशाख, आवाज आणि पोशाखातली छायाचित्रं. हे सगळं वाहिनीचं, कायमचं. इथे काहीच हललं नाही. करार संपवण्याची १५ दिवसांची नोटीसही एकतर्फीच राहिली, आणि पुनर्प्रसारणाचे पैसे नाहीत ही ओळही.

को-ऑर्डिनेटरची दलाली सगळ्या काळासाठी २० टक्के लावली होती. ती पहिल्या सहा महिन्यांनंतर १० टक्क्यांवर आणता येते का, हे विचारायला हवं होतं. विचारलंच नाही.

मॅटवरची किक आणि कॅमेऱ्यासमोरची किक

स्पर्धेतल्या तायक्वांदोत धडावरच्या किकला २ गुण, डोक्यावरच्या ३, आणि वळून मारलेल्या किकला त्याहून २ जास्त. गुण आपोआप नोंदवणारं इलेक्ट्रॉनिक चिलखत आल्यापासून खेळाडू पुढचा पाय उचलून, कमीत कमी हालचालीत टेकवायला शिकतात. गुडघा जरासा वर, पाय सटकन बाहेर, लगेच आत. कॅमेऱ्याला हे दिसतच नाही. टीव्हीचं चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचं. पाव सेकंदाची किक सहा फ्रेममध्ये संपते आणि मॉनिटरवर फक्त एक फराटा राहतो.

पहिले दोन आठवडे हाणामारी बसवणाऱ्या फाइट मास्टरांनी मास्तरांना मंदावायला लावलं. गुडघा छातीपर्यंत आणून क्षणभर दिसू द्यायचा, मग पाय सोडायचा, आणि शेवटच्या टोकाला पाय लगेच मागे न घेता धरून ठेवायचा. डोलयो चागी (पाय गोल फिरवून मारायची किक) आणि योप चागी (बाजूला मारायची किक) अशा बसल्या. नेर्यो चागी, म्हणजे वरून कुऱ्हाडीसारखी खाली येणारी, सर्वांत उठून दिसली, कारण तिचा वर जाणारा प्रवासच लांब असतो.

दुसरी अडचण अंतराची. वर्गात शिकवलेलं असतं की लक्ष्याच्या पलीकडे मारा. इथे पाय समोरच्याच्या चेहऱ्यापासून वीतभर लांबून जायला हवा, आणि कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे असावा, म्हणजे मधली फट दिसत नाही. बाजूने कॅमेरा लावला की फट उघडी पडते. उरलेलं काम मार खाणाऱ्याचं. मान पाव सेकंद उशिरा वळली तर टेक वाया.

पोशाख

प्रत्येक योद्ध्याचे दोन पोशाख होते. जवळच्या शॉटसाठी कडक चिलखताचा, आणि लढाईसाठी ताणणाऱ्या कापडाचा, ज्यावर फोमचं चिलखत चिकटवलेलं. पहिल्याच सरावात दुसऱ्या पोशाखाची दोन पायांमधली शिवण उसवली. पोशाख उभ्या माणसाच्या मापाने शिवला होता. दोन्ही पाय १८० अंशांत उघडले की कापड तिथे कमी पडतं. शिंप्याने शिवण दुहेरी मारली, ती पुन्हा उसवली. शेवटी पायजम्यात असते तशी हाताच्या पंजाएवढी चौकोनी पट्टी, चारही बाजूंनी ताणणाऱ्या कापडाची, मध्ये घातली तेव्हा काम झालं.

हेल्मेट फायबरचं होतं. आतून श्वासाची वाफ साचून काच धूसर होई आणि खालचं दिसत नसे, म्हणजे स्वतःचे पायही नाहीत. आतून वाफ धरू नये म्हणून द्रावण लावायचं, दर १५ मिनिटांनी हेल्मेट काढायचं, मीठ-साखर घातलेलं पाणी प्यायचं, ही शिस्त मास्तरांनी स्वतः लावून घेतली. सोलापूरच्या उन्हात वर्ग घेतलेल्या माणसाला घामाचं गणित वेगळं शिकवावं लागलं नाही.

बुटांचं मात्र राहून गेलं. बूट गुडघ्यापर्यंतचे, तळ जाड रबराचा. अनवाणी मॅटवर योप चागी मारताना उभा पाय चवड्यावर जवळजवळ उलटा फिरतो. रबरी तळ विनाइलच्या फरशीला पकडून ठेवतो. पाय फिरत नाही, धड फिरतं, आणि पीळ गुडघ्यात जातो. मास्तरांनी हे तिसऱ्या आठवड्यात पोशाख विभागाला सांगितलं. चवड्याखाली गुळगुळीत चामड्याची चकती लावावी, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं की पुढच्या जोडीत बघू. पुढची जोडी आली नाही. मागणं तोंडी होतं, आणि मास्तर नवे होते.

दुखापत

मालिकेत दोन बालकलाकार होते. बालकामगारांबद्दलच्या २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. हे योग्यच आहे. पण सेटवर त्याचा परिणाम असा झाला की मुलांचे शॉट सकाळी उरकायचे आणि मुखवट्यांची हाणामारी १२ तासांच्या शिफ्टच्या शेवटी लोटायची. मधले चार-पाच तास मास्तर वातानुकूलित खोलीत पोशाख घालून बसून राहत. शरीर गार पडे. मग अचानक बोलावणं, आणि पुरेसा वॉर्म-अप न करता टेक.

सहाव्या महिन्यात, शिफ्टच्या अकराव्या तासाला, वळून मारायच्या द्वी चागीच्या चौथ्या टेकला उभा पाय दोन मॅटांच्या सांध्यावर पडला. खाली न पाहता येणारं हेल्मेट, रबरी तळ, सांध्यात अडकलेली टाच. गुडघ्यातून आवाज आला. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, बाहेरच्या कडेजवळ चीर दिसली.

इथला निर्णय पूर्ण प्रकरणातला सर्वांत अवघड. फाटलेला तुकडा काढून टाकला तर चार ते सहा आठवड्यांत परतता येतं, पण गादी कमी झाल्याने पुढे सांधा लवकर झिजण्याचा धोका वाढतो. टाके घालून दुरुस्त केली तर काही आठवडे त्या पायावर भार नाही आणि उड्या-किकांना चार ते सहा महिने. चीर बाहेरच्या कडेला होती, तिथे रक्तपुरवठा असतो, म्हणून ती भरून येण्याची शक्यता चांगली होती. संस्थेकडून कुणी उघड दबाव आणला नाही, पण ‘किती दिवस?’ हा प्रश्न रोज येत होता.

मास्तरांनी टाके घातले, तेही सोलापुरात, घराजवळच्या रुग्णालयात. खर्च विम्याच्या मर्यादेत बसला. करारातली वगळणीची ओळ नसती तर सोळाव्या दिवशी त्यांची जागा गेली असती. आणि मुखवटा नसता तरी गेली असती. पोशाखात एक जिम्नॅस्ट उभा राहिला, मास्तरांपेक्षा तीन इंचांनी बुटका, हेल्मेटमध्ये कुणाला कळलं नाही. सातव्या आठवड्यापासून मास्तर बसलेली, टेकून उभी असलेली चेहऱ्याची दृश्यं देऊ लागले आणि आवाज डब करू लागले. किमान १६ दिवसांची हमी मात्र त्या काळात लागू नाही असं संस्थेने सांगितलं, आणि करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

वर्गातल्या मुलांना फरक पहिल्याच भागात कळला. ‘द्वी चागीच्या आधी हा खांद्यावरून मागे बघतच नाही,’ एका बारा वर्षांच्या मुलीने सांगितलं. मास्तरांनी हीच गोष्ट तिला वर्षभर ओरडून शिकवली होती.

तिकडे सोलापुरात

पहिले तीन महिने वर्ग नीट चालला. ज्येष्ठ सहायक २२ वर्षांची ब्लॅक बेल्ट मुलगी, शिकवण्यात चोख. गळती ऑगस्टमध्ये सुरू झाली, शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका भरायच्या वेळी. शाळांकडून सह्या घेणं, वयाचे दाखले, वजनगट ठरवणं, वजन घेण्याच्या दिवशी मुलं उपाशी न ठेवता गटात बसवणं, ही कामं मास्तर एकटे करत आले होते आणि कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. नऊ मुलांच्या प्रवेशिका राहिल्या. त्यातल्या चार दहावीतल्या. क्रीडा गुणांच्या आशेने दोन वर्षं फी भरलेले पालक गप्प कसे बसतील? ‘मास्तर, तुम्ही टीव्हीवर दिसता त्याचा आनंदच आहे, पण पोरीचं वर्ष गेलं,’ असं एका वडिलांनी तोंडावर सांगितलं. पट्ट्यांच्या परीक्षाही लांबल्या. डिसेंबरपर्यंत पट ११० वरून ६२ वर आला. खर्च तोच राहिल्याने उरणारी रक्कम जवळपास शून्यावर गेली.

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमारास, मंडळाच्या पोरांनी चौकात मोठं डिजिटल (फ्लेक्स) लावलं. पोशाखातले मास्तर, मालिकेतलं नाव, खाली वर्गाचा मोबाइल नंबर. हेतू चांगला होता. आठवड्यात वाहिनीचं पत्र आलं. पात्राचं छायाचित्र व्यवसायासाठी वापरल्याबद्दल खुलासा करा. डिजिटल उतरवलं, लेखी माफी दिली, प्रकरण तिथेच मिटलं. पण मुखवट्याचा व्यापारी उपयोग फक्त वाहिनीलाच, हे तेव्हा घरच्यांनाही कळलं. एका शाळेने स्नेहसंमेलनाला पोशाखात या म्हणून आग्रह धरला आणि तसा पोशाख शिवून घेण्याची तयारी दाखवली. तेही नाकारावं लागलं. साध्या डोबोकमध्ये, म्हणजे तायक्वांदोच्या गणवेशात, गेल्यावर पहिलीतल्या मुलांनी त्यांना ओळखलंच नाही.

अजून एक गोष्ट. वर्गातली लहान मुलं गच्चीच्या कठड्यावरून पात्रासारखी उडी मारायचा प्रयत्न करू लागली. ‘शक्तिमान’च्या काळात अशा बातम्या आल्या होत्या. १९९७ पासून दूरदर्शनवर चाललेल्या त्या मालिकेत पुढे मुलांना सांगण्याच्या गोष्टी वेगळ्याने दाखवल्या जात. मास्तरांनी संस्थेकडे तसा अर्धा मिनिट मागितला, तो मिळाला नाही. मग त्यांनी वर्गातच हार्नेस, दोर आणि फूटभर जाडीची गादी मोबाइलवर दाखवून ती उडी कशी खोटी असते ते मुलांना उलगडून सांगितलं. जादू गेली म्हणून दोन-तीन मुलं रुसली, पण कठड्यावर चढणं थांबलं.

निष्पत्ती

मालिका तेराव्या महिन्यात बंद झाली. नोटीस १५ दिवसांची. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे आठ महिन्यांनी आले, तेही कलाकारांच्या संघटनेमार्फत पाठपुरावा केल्यावर. मास्तर संघटनेचे सदस्य झाले होते ते एका सहकलाकाराच्या आग्रहावरून, दुखापतीनंतर.

ते सोलापुरात परतले. शस्त्रक्रियेनंतर सातव्या महिन्यात पूर्ण ताकदीने किक मारू लागले. पहिल्या दोन महिन्यांत पट १७० पर्यंत गेला, त्यातली बरीच मुलं महिनाभर येऊन गळाली. आता तो १३० च्या आसपास आहे. ज्येष्ठ सहायक भागीदार आहे आणि स्पर्धांच्या प्रवेशिकांची वही तिच्याकडे असते: कोणत्या शाळेत कुणाला भेटायचं, कोणता दाखला कधी लागतो, सगळं लिहिलेलं. मधूनमधून मुंबईतले फाइट मास्टर त्यांना मुलांना किक शिकवायला आठ-दहा दिवसांसाठी बोलावतात. दर दिवसाचा पहिल्यापेक्षा बरा आणि पैसे काम संपताना.

काय वेगळं करता आलं असतं

बुटांची मागणी ई-मेलवर, फाइट मास्टरांना प्रत पाठवून करायला हवी होती. ५०० रुपयांच्या चामड्याने गुडघा वाचला असताच असं म्हणता येत नाही, कारण थकवा आणि मॅटचा सांधाही होताच. पण तीन कारणांपैकी एक कारण मास्तरांच्या हातात होतं. मॅटचे सांधे टेपने बंद करणं आणि टेकच्या आधी दहा मिनिटं वॉर्म-अपला मागणं हेही तसंच. सेटवर नवखा माणूस मागायला कचरतो. त्यामुळे अशा गोष्टी पहिल्या दिवशी यादी करून दिल्या तर त्या तक्रार वाटत नाहीत.

वर्गाची कामं जाण्याआधी महिनाभर सहायकांकडून करून घ्यायला हवी होती. शिकवणं सोपवलं गेलं, कागद सोपवले गेले नाहीत. शूटिंगची सुरुवात स्पर्धांनंतर करता आली असती का, हे संस्थेला विचारता आलं असतं, निदान प्रवेशिकांच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी करारात लिहून घेता आली असती.

करारात दुखापतीच्या काळातल्या किमान मानधनाची ओळ राहिली, त्याची किंमत साधारण अडीच लाख. आणि चौथा पर्याय, फक्त पोशाखातलं काम, हा आता मास्तर स्वतः येणाऱ्या तरुणांना सर्वांत आधी सांगतात. चेहऱ्याचा मोह धरणाऱ्याला तो पटत नाही, आणि त्यात त्याचं अगदीच चुकतं असंही नाही.

मालिका सुट्ट्यांमध्ये अजून पुन्हा लागते. त्याचे पैसे करारात नव्हते आणि येत नाहीत. चौकशीचे फोन मात्र मे महिन्यात वाढतात, म्हणून नव्या मुलांसाठी जूनची वेगळी तुकडी ठरलेली असते.